देव मानत नाही, तरी नार्नियाचा सिंह का आवडतो?

पानगळ

सरळ मुद्द्यावर येते. देवधर्म हा माझा प्रांत नाही. तरी सी. एस. लुईसची नार्निया या जादूच्या देशाची सातही पुस्तकं मी पुन्हा पुन्हा काढून बसते, आणि दगडी मेजावर अस्लान नावाच्या त्या सिंहाची आयाळ भादरतात त्या पानाशी आले की घसा दाटतोच.

लहानपणी वाचलं तेव्हा हा सिंह म्हणजे कोण, याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या अपराधापायी आपण होऊन मरतो, पहाटे पुन्हा उठतो, आणि ते सर्वांत आधी दोन मुलींना दिसतं. पुढे बायबलमधली मूळ कथा वाचली तेव्हा ट्यूब पेटली. ती पेटल्यावर फसवल्यासारखं वाटलं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला काही तसं वाटलं नाही. आणि तेच कोडं आहे.

बरं, एकट्या लुईसचं असं नाही. जॉर्ज मॅकडोनाल्डच्या परीकथा घ्या, ऑस्कर वाइल्डचा तो बागवाला स्वार्थी राक्षस घ्या, मॅडलिन लेंगलची 'अ रिंकल इन टाइम' घ्या. सगळ्यांच्या तळाशी ख्रिस्ती श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेशी काडीचा संबंध नसलेलेही त्यात रमतात. ते श्रद्धेमुळे की श्रद्धा असूनही?

"गोष्ट छान आहे म्हणून" हे उत्तर बाद. ते मलाही देता येतं.

टिवल्याबावल्या

रुमाल टाकून ठेवतो. धर्म + बालसाहित्य, धागा शंभरी गाठणार.

बोरूची_शाई

चांगला विषय. आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढे हवेत गोळीबार नको.

लुईस जन्माने ख्रिस्ती असला तरी किशोरवयात पक्का नास्तिक झाला होता. १९३१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डला मॉडलिन कॉलेजच्या आवारातल्या वाटेवर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टोल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत त्याचा वाद झाला. लुईसला जगभरच्या मरून उठणाऱ्या देवांच्या कथा फार आवडायच्या, पण त्या खऱ्या मानायला तो तयार नव्हता. बाकीच्या दोघांचं म्हणणं असं की ही एक कथा प्रत्यक्षात घडली, एवढाच फरक. थोड्याच दिवसांनी तो भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणिसंग्रहालय बघायला गेला. निघताना विश्वास नव्हता, पोचलो तेव्हा होता, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

म्हणजे बघा, हा माणूस धर्माकडे आलाच मुळी गोष्टींच्या वाटेने. मुलांना धडा शिकवू आणि त्यावर गोष्टीचं वेष्टन चढवू, असा त्याचा खाक्या नव्हता. सोळाव्या वर्षापासून एक चित्र डोक्यात होतं म्हणतो: बर्फाळ रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड). सिंह फार नंतर आला, आणि आल्यावर त्याने सगळी गोष्ट आपल्यामागे ओढून नेली.

नार्नियाला रूपककथा म्हटलेलंही त्याला पटायचं नाही. नार्नियासारखं जग खरोखर असतं आणि ख्रिस्ताने तिथे देह धरायचं ठरवलं असतं, तर काय झालं असतं? पत्रांतून तो असं समजावून सांगायचा.

खडूस

बोरू, माहिती झकास. निष्कर्ष मान्य नाही.

लेखक काय म्हणतो त्यावर जाऊ नका, पानावर काय आहे ते बघा. सात पुस्तकं संपवताना तो नार्नियात गेलेल्या भावंडांपैकी सुझनला बाहेर काढतो. का, तर तिला लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची आमंत्रणं यात रस आहे. बाकीची भावंडं रेल्वे अपघातात मेली आणि कशी सुखात अस्लानच्या देशात पोचली, हे आपण आनंदाने वाचायचं! लेखक फिलिप पुलमनने १९९८ साली 'गार्डियन'मध्ये यावर झोड उठवली होती. मला तरी त्याचं म्हणणं पटतं. शिवाय नार्नियाच्या शत्रूदेशाचे, कॅलोर्मेनचे लोक बघा. सावळे, पगडीवाले, वाकड्या तलवारी, आणि देव कसला तर गिधाडाच्या डोक्याचा. हा काय निव्वळ योगायोग?

माझं उत्तर: श्रद्धा असूनही. बर्फातला दिव्याचा खांब आवडतो, बोलणारा उंदीर आवडतो. प्रवचन सुरू झालं की पानं उलटायची.

कुतूहल

मी अजून नार्निया वाचलेलं नाही, फक्त सिनेमा बघितलाय. एक बाळबोध शंका. तो एडमंड मिठाईच्या एका डब्यासाठी सख्ख्या भावंडांना विकतो? इतकं काय असतं त्या टर्किश डिलाइटमध्ये?

टिवल्याबावल्या

मिठाईवर जादू होती हो. आमच्या घरात बिनजादूच्या मिठाईवरून याहून मोठ्या फितुऱ्या झाल्या आहेत.

बोरूची_शाई

@कुतूहल, शंका बाळबोध मुळीच नाही. पुस्तक १९५० चं. तेव्हा ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटं रेशनवर होती, ते रेशन उठलं १९५३ च्या फेब्रुवारीत. त्यामुळे पहिल्या वाचकांना हावरटपणा समजावून सांगावा लागला नसणार. आणि ती मुलं त्या प्रोफेसरच्या घरी येतात ती लंडनवरच्या हवाई हल्ल्यांमुळे. लुईसच्या स्वतःच्या घरीही १९३९ मध्ये अशी मुलं राहायला आली होती.

ओलीव्ह

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मी ख्रिस्ती घरातली. माझा अनुभव पानगळच्या नेमका उलटा. तिला आधी सिंह भेटला, मग ख्रिस्त. मला ख्रिस्त संडे स्कूलमध्ये इतका लवकर आणि इतक्या वेळा भेटला होता की त्याच्या मरणाचं मला काहीच वाटत नव्हतं. हळू आवाजात बोलायचं, डोळे मिटायचे, वाईट वाटून घ्यायचं. वाईट वाटत नसलं की अपराधी वाटून घ्यायचं.

दगडी मेजाचं प्रकरण वाचलं तेव्हा मी ढसाढसा रडले. आणि नंतर कळलं, अरे, ही तर तीच गोष्ट! लुईसने एका निबंधात नेमकं हेच लिहिलंय: लहानपणी देवाबद्दल अमुक वाटलंच पाहिजे असं सांगितलं गेल्याने वाटणंच गोठलं, तेच सगळं काल्पनिक जगात नेलं तर त्या पहारा देणाऱ्या ड्रॅगनांची नजर चुकवून आत शिरता येईल का?

मला सर्वांत लक्षात राहिले ते उंदीर. अस्लान मेलाय, त्याच्या अंगावर दोर करकचून आवळलेत, मुलींच्या गारठलेल्या बोटांनी गाठी सुटत नाहीत. आणि पहाटेच्या अंधुक उजेडात शेकडो छोटे उंदीर त्याच्या अंगावर चढून दोर कुरतडायला लागतात. सुझन आधी त्यांना हाकलायला जाते. बायबलमध्ये असं काही नाही. धडाच द्यायचा असता तर उंदरांचं काही काम नव्हतं. तो मेला आहे हे त्यांना कळत नाही, त्यांना फक्त तो बांधलेला आहे एवढं दिसतं.

खडूस, प्रवचनाची पानं उलटताना हे पानही उलटता का?

खडूस

नाही. ते वाचतो. :)

पण तुम्हीच माझी बाजू मांडलीत. उंदीर बायबलमध्ये नाहीत. जे आवडतं ते लुईसचं, धर्माचं नव्हे.

तिसरी घंटा

खडूस, एवढं सोपं नाही हो ते. उंदरांचं रडू येतं कारण मेजावरचं मरण खरं वाटतं. मरण काढून टाका, उरतात निव्वळ गोजिरवाणे उंदीर.

मला युस्टेसचं प्रकरण जास्त ओढतं. 'डॉन ट्रेडर'मधला तो किरकिऱ्या पोरगा मनात ड्रॅगनसारखे हावरे विचार घेऊन ड्रॅगनच्या खजिन्यावर झोपतो आणि उठतो तो ड्रॅगन होऊन. आदल्या रात्री दंडात चढवलेलं सोन्याचं कडं आता त्या जाडजूड पायात रुतलंय, ठणकतंय, आणि निघत नाही. पुढे सिंह त्याला एका विहिरीपाशी नेतो आणि कपडे काढ म्हणतो. तो स्वतःची कातडी ओरबाडून काढतो. खाली पुन्हा तसलीच खवल्यांची कातडी. पुन्हा काढतो, पुन्हा तेच. शेवटी सिंह म्हणतो, मलाच काढावी लागेल. पहिलंच नख इतकं खोल जातं की थेट काळजापर्यंत गेलं असं त्याला वाटतं.

आता यात ख्रिस्ती काय? तर सगळंच. आपल्या बळावर माणूस स्वतःला पुरता बदलू शकत नाही, कृपा लागते, आणि ती कृपा दुखते. या विचाराशी माझं भांडण आहे. मला वाटतं माणसाने आपली कातडी आपणच सोलावी. पण वाईट सवय सोडून पाहिलेल्या कुणालाही विचारा, "खाली पुन्हा तसलीच कातडी" म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक असतं. म्हणून पानगळ, माझं उत्तर: श्रद्धेमुळेच. सिद्धांत पटो न पटो, तो ज्या दुखण्यावर बोट ठेवतो ते दुखणं खरं आहे. आणि मुलांसाठीच्या फार थोड्या पुस्तकांत ते इतकं उघडं सांगितलेलं असतं.

पानगळ

तिसरी घंटा, अगदी! "मुलांना सॉरी म्हणायला शिकवा" छाप गोष्टींत सॉरी म्हटलं की विषय मिटतो. इथे एडमंडला माफी मिळते, पण त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते.

गोगलगाय

मॅकडोनाल्डचं नाव आलं म्हणून लिहायला बसलो. त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

हा स्कॉटिश धर्मोपदेशक (१८२४–१९०५). त्याची मतं मंडळींना फार सैल वाटली, देवाचं प्रेम जरा जास्तच लोकांपर्यंत पोचवत होता म्हणे, त्यामुळे १८५३ मध्ये त्याला उपदेशकाची जागा सोडावी लागली. पुढे पोट भरायला लेखणी. लुईसने १९१६ मध्ये रेल्वे स्टेशनवर त्याचं 'फँटास्टीज' विकत घेतलं आणि त्या रात्री आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला असं म्हणून ठेवलं. तेव्हा लुईस नास्तिक होता हे लक्षात घ्या.

'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' (१८७२) मध्ये आयरीन नावाच्या छोट्या राजकन्येला वाड्याच्या वरच्या मजल्यावर खापरपणजी भेटते, जी इतरांना दिसत नाही. ती आयरीनला एक धागा देते, डोळ्यांना न दिसणारा, फक्त बोटाला लागणारा. भीती वाटली की या धाग्यावर बोट ठेवून चालत राहा. तिला वाटतं धागा आजीच्या खोलीत नेईल. तो नेतो डोंगराच्या पोटात, जिथे गॉब्लिन, म्हणजे दुष्ट बुटके, आहेत. मागे फिरून चाचपडते तर धागा लागतच नाही. तो फक्त पुढच्या दिशेने लागतो. धागा संपतो दगडांच्या ढिगाऱ्यात, आणि ती पोर रडते, मग एकेक दगड उचलायला लागते. पलीकडे खाणीत काम करणारा कर्डी कोंडलेला असतो. तो सुटतो, पण धागा त्याच्या बोटाला लागत नाही आणि आजी त्याला दिसत नाही. आयरीन चिडते. आजी म्हणते, लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा याची घाई करू नये, त्यांना समजून घेणं जास्त महत्त्वाचं.

श्रद्धेबद्दल एवढं प्रामाणिक लेखन मी मोठ्यांच्या पुस्तकांतही क्वचित वाचलंय. धागा सुरक्षित जागी नेत नाही आणि दुसऱ्याला दाखवता येत नाही. ज्याला आजी दिसत नाही त्या कर्डीलाही मॅकडोनाल्ड खलनायक करत नाही.

खडूस

गोगलगाय, ही आजी मला चालेल.

टिवल्याबावल्या

नोंद घ्या मंडळी, खडूसला काहीतरी चाललं. धाग्याला पीन करा.

कुतूहल

वाचायला कुठून सुरुवात करू? सात पुस्तकांच्या संचात एक क्रमांक 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर आहे.

बोरूची_शाई

खबरदार! प्रकाशनाच्या क्रमानेच वाचायचं. आधी कपाट, म्हणजे 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (१९५०), नेफ्यू सहावं (१९५५). १९९४ पासून प्रकाशकाने कथेतल्या काळानुसार क्रमांक टाकले आणि मजा घालवली. दिव्याचा खांब जंगलात का, हे आधीच कळलं तर मग उरलं काय?

गोगलगाय

पण लुईसने स्वतः एका मुलाला पत्रात काळानुसार क्रम जास्त आवडतो असं लिहिलं होतं की. क्रमाला फार महत्त्व नाही, असंही.

बोरूची_शाई

लेखकांना काय कळतं?

तिसरी घंटा

अवांतर: मायकल वॉर्डचं 'प्लॅनेट नार्निया' (२००८) वाचलंय का कुणी? मध्ययुगीन ज्योतिषातले सात ग्रह आणि ही सात पुस्तकं यांची जोडी आहे, असा त्याचा दावा. पहिलं गुरूचं, शेवटचं शनीचं.

टिवल्याबावल्या

शेवटच्या पुस्तकात जगबुडी, अपघात आणि सुझनची हकालपट्टी. साडेसातीच ती. दावा मान्य.

ओलीव्ह

सुझनवर परत येते. खडूस, तुमचा राग मला कळतो, मलाही ते पान सलतं. पण दोन गोष्टी. एक, अपघातात ती नसते, म्हणजे ती जिवंत आहे. लुईसने एका मुलाला पत्रात लिहिलं होतं की तिला सुधारायला भरपूर वेळ आहे आणि कदाचित ती शेवटी तिच्या पद्धतीने अस्लानच्या देशात पोचेलही. दोन, कॅलोर्मेनबद्दल बोलताना तिथल्याच एमेथला विसरू नका. तो आयुष्यभर ताशची, म्हणजे त्या गिधाडाच्या डोक्याच्या देवाची, मनापासून भक्ती करतो, आणि शेवटी अस्लान त्याला म्हणतो की तू ताशसाठी जे चांगलं केलंस ते मी माझ्या खाती धरतो. हे पान कडव्या ख्रिस्ती वाचकांना आजही रुचत नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी मला ते "धोकादायक" म्हणून सांगितलं होतं.

खडूस

एमेथ मान्य. सुझन अमान्य. पत्र पुस्तकात नाही. एका मुलीची सगळी भावंडं एका दिवशी जातात, आणि लेखकाला तिच्याकडे वळून बघावंसंही वाटत नाही? लेखक नील गेमनला त्यावर स्वतंत्र कथा लिहावीशी वाटली ती उगाच नाही. ज्या लेखकाने दोर कुरतडणारे उंदीर बघितले त्याला सुझन दिसू नये, हाच माझा राग.

पानगळ

हे मात्र मी खोडून काढू शकत नाही. तिथे त्याला नियम दिसला, मुलगी दिसली नाही.

गोगलगाय

किंग्जलीच्या 'वॉटर बेबीज'मध्ये (१८६३) हाच प्रकार पानोपानी. धुराडी साफ करणारा काजळलेला टॉम नदीत पडतो ते प्रकरण अप्रतिम, आणि मग लेखक मध्येमध्ये येऊन बोट नाचवत राहतो, आयरिश लोकांना टोमणे मारतो. श्रद्धा तीच, पण कुणाला पुन्हा वाचावंसं वाटत नाही.

कुतूहल

आणि हॅरी पॉटर? त्यावर तर चर्चवाले चिडले होते ना?

ओलीव्ह

चिडले होते, पुस्तकं जाळलीसुद्धा. आणि शेवटच्या भागात (२००७) हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर चक्क बायबलचं वचन आहे, शेवटचा शत्रू जो मृत्यू तो नाहीसा केला जाईल, हे. लेंगलबाईंचंही तसंच. स्वतः श्रद्धाळू, १९६३ चं न्यूबेरी पदक (अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) मिळालेलं पुस्तक, पण अंधाराशी लढणाऱ्यांच्या यादीत येशूबरोबर बुद्ध, गांधी आणि आइनस्टाइन बसवले म्हणून ते वाचनालयांतून काढा असं म्हणणारे निघालेच.

टिवल्याबावल्या

म्हणजे श्रद्धा कमी पडली म्हणून आस्तिक नाराज, जास्त झाली म्हणून नास्तिक नाराज. टोल्किन तर पक्का कॅथलिक, मित्र, आणि त्यालाही नार्निया आवडलं नव्हतं. एकाच पुस्तकात फॉन काय, फादर ख्रिसमस काय, सगळी भेसळ म्हणायचा. लुईसने करावं तरी काय?

तिसरी घंटा

मूळ प्रश्नावर येऊ का?

'मॅजिशियन्स नेफ्यू'मधल्या डिगरीची आई मरणाला टेकली आहे. तो अस्लानपुढे उभा आहे, मान खाली, त्याला फक्त पंजे दिसताहेत. धीर करून विचारतो, आईला बरं करणारं काही द्याल का? आणि वर बघतो तर सिंहाच्या डोळ्यांत त्याच्याहून मोठे अश्रू. लुईसची आई १९०८ मध्ये कर्करोगाने गेली, तो नऊ वर्षांचा होता. त्यानेही प्रार्थना केली होती, आई वाचली नाही. पुस्तकात जादूचं सफरचंद मिळतं आणि आई बरी होते.

कुणी याला इच्छापूर्ती म्हणेल. पण अस्लान लगेच हो म्हणत नाही, आधी रडतो, मग डिगरीला कामाला धाडतो. चोरून सफरचंद न्यायची संधी येते तेव्हा तो पोरगा तडफडतो आणि तरी नेत नाही. हे सगळं नऊ वर्षांच्या त्या मुलाला साठीकडे झुकलेल्या माणसाने दिलेलं उत्तर आहे. श्रद्धा बाजूला काढली तर हे पान लिहिताच आलं नसतं.

खडूस

ठीक. मग माझंही एक आवडतं पान सांगतो, म्हणजे मी नुसता काड्या घालतो असं नको.

'सिल्व्हर चेअर'. जमिनीखालच्या राज्यात चेटकीण धुनीत हिरवी पूड टाकते, वाद्य छेडत राहते आणि गोडगोड बोलून पटवते की सूर्य नाही, नार्निया नाही, अस्लान नाही. मांजर बघून तुम्ही मोठ्या मांजराची कल्पना केलीत, बास. सगळे झिंगतात. तेव्हा कायम रडगाणं गाणारा पडलग्लम अनवाणी पायाने ती धुनी विझवतो. पाय भाजतो, जळक्या वासाने सगळे भानावर येतात. आणि तो म्हणतो, समजा तू म्हणतेस ते खरं, आम्ही सगळं मनानेच रचलं. तरी आमचं रचलेलं जग तुझ्या खऱ्या जगापेक्षा लाखपटीने बरं. अस्लान नसला तरी मी अस्लानच्या बाजूचा.

चेटकिणीचा युक्तिवाद थोडाफार माझाच आहे, हे कळतं मला. तरी त्या प्रसंगात मी दर वेळी पडलग्लमच्या बाजूने असतो. आता हे "मुळे"त धरायचं की "असूनही"मध्ये, ते तुम्ही ठरवा.

ओलीव्ह

आम्ही ठरवलंय. सांगत नाही.

पानगळ

खडूस, पडलग्लम माझाही! पण त्याचं ते वाक्य माझ्या दृष्टीने श्रद्धेचं नाहीच, हट्टाचं आहे. यावर वेगळा धागा काढते.

कुतूहल

कपाटवालं पुस्तक आज रात्री सुरू करतेय. सुझनचं काय होतं, सफरचंदाचं काय होतं आणि सिंह कोण, हे सगळं फोडून टाकल्याबद्दल तुम्हा सर्वांचा जाहीर निषेध.